कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा ३९ अंकी मूळ संख्या शोधणारा गणिताचा मास्तर

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

३९ अंकांची ही संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. हे १८७६ मध्ये दाखवून दिलं एदुआर ल्युका या फ्रेंच शिक्षकाने.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ चा, फ्रान्समधल्या आमियां शहरातला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी काम केलं. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर ते शाळेत गणित शिकवू लागले.

भागाकार न करता उत्तर कसं मिळालं?

ही संख्या एकेका विषम संख्येने भागून तपासायची म्हटलं आणि सेकंदाला एक भागाकार केला, तरी सुमारे २० हजार कोटी वर्षं लागतील. ल्युका यांनी वेगळीच वाट शोधली. तिचं आजचं सोपं रूप ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ वर, करून बघा.

४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४ चे होतात १४. १४ चे १९४, बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ संख्या आहे. ३९ अंकी संख्येसाठी अशा सव्वाशेच्या आसपास पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीवर अवाढव्य गुणाकार, आणि तोही हाताने!

हयातीत न मिळालेला पुरावा

२ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या १६४४ पासून मूळ मानली जात होती. ती मूळ नाही, असं ल्युका यांनी दाखवलं. पण तिला नेमका कशाने भाग जातो, हे त्यांची पद्धत सांगत नव्हती. ते उत्तर अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये दिलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. तोवर ल्युका यांना जाऊन १२ वर्षं झाली होती.

काशीच्या ६४ चकत्या

'टॉवर ऑफ हॅनोई' हे कोडंही त्यांचंच. १८८३ मध्ये त्यांनी ते टोपणनावाने विकायला आणलं. त्याच्यासोबत काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची एक रचलेली कथा पसरली: सगळ्या चकत्या हलवून झाल्या की जगाचा अंत! त्यासाठी लागणाऱ्या चाली २ चा ६४ वा घात वजा १. सेकंदाला एक चाल केली, तर सुमारे ५८ हजार कोटी वर्षं. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

१८९१ मध्ये एका मेजवानीत बशी फुटली आणि तिचा तुकडा ल्युका यांच्या गालाला लागला. जखमेत संसर्ग झाला आणि ३ ऑक्टोबरला, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

त्यांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं, माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. तिच्यावर शिक्कामोर्तब करायला कॉम्प्युटरने वापरली ती ल्युका-लेमर चाचणी. म्हणजे यंत्र आजचं, पण युक्ती त्या मास्तरांचीच.