नेटी पाल्मर : ऑस्ट्रेलियन साहित्याला वाचक मिळवून देणाऱ्या समीक्षक

१९२४ साली मेलबर्नच्या लोथियन या प्रकाशन संस्थेने एक छोटेखानी पुस्तक काढले. ‘मॉडर्न ऑस्ट्रेलियन लिटरेचर’ हे त्याचे नाव. १९०० ते १९२३ या काळातील ऑस्ट्रेलियन लेखनाचा आढावा त्यात होता. विसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियन साहित्याचा गांभीर्याने विचार करणारे हे पहिले पुस्तक मानले जाते. त्या काळी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य, अशीच ऑस्ट्रेलियातील सुशिक्षितांची समजूत होती. वाचनीय पुस्तके लंडनहून बोटीने येत आणि इथला लेखकही लंडनने मान डोलावल्याखेरीज लेखक ठरत नसे. अशा वातावरणात, आपल्याकडे साहित्य आहे आणि त्याला इतिहासही आहे, असे ठामपणे मांडणाऱ्या लेखिका होत्या नेटी पाल्मर.

त्यांचे माहेरचे नाव जॅनेट गर्ट्रूड हिगिन्स. व्हिक्टोरियातील बेंडिगो या सोन्याच्या खाणींच्या गावी १८ ऑगस्ट १८८५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९०७ साली कामगारांना वाजवी वेतन ठरवून देणारा ‘हार्वेस्टर’ निकाल ज्यांनी दिला, ते न्यायमूर्ती एच. बी. हिगिन्स हे त्यांचे काका. मेलबर्नच्या प्रेस्बिटेरियन लेडीज कॉलेज या शाळेत आणि पुढे मेलबर्न विद्यापीठात नेटी यांचे शिक्षण झाले. त्यानंतर काकांच्या मदतीने त्या युरोपला गेल्या आणि जर्मनी व फ्रान्समध्ये भाषा आणि ध्वनिशास्त्र शिकल्या. अनेक भाषांतील साहित्य मुळातून वाचण्याची सवय त्यांना तेव्हा लागली. ऑस्ट्रेलियन साहित्याविषयी लिहिताना त्यांची दृष्टी कधी कोती झाली नाही, याचे मूळ या वाचनात आहे.

१९१४ च्या मे महिन्यात लंडनमध्ये क्वीन्सलँडचे तरुण लेखक व्हान्स पाल्मर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘द साउथ विंड’ प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी ‘शॅडोई पाथ्स’ हा दुसरा. आयलीन आणि हेलन या दोन मुली झाल्या. महायुद्धाच्या काळात दांपत्य ऑस्ट्रेलियात परतले आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या चळवळीत सामील झाले. घरात दोन लेखक आणि स्थिर मिळकत मात्र नाही, अशी परिस्थिती होती. व्हान्स यांना कादंबऱ्यांसाठी सलग वेळ हवा होता. नेटी वर्तमानपत्रांसाठी लिहू लागल्या आणि त्यांची कविता हळूहळू मागे पडली. तिसरा संग्रह आलाच नाही.

१९२५ मध्ये कुटुंब क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरील कॅलाउन्ड्रा येथे राहायला गेले. आज पर्यटकांनी गजबजणारे हे गाव तेव्हा मासेमारीची एक लहान वस्ती होते. राहणी स्वस्त होती, लिहायला निवांतपणा होता. घरकाम, मुलींचा अभ्यास आणि टपालाची वेळ सांभाळून नेटी येथून ब्रिस्बेनपासून टास्मानियापर्यंतच्या नियतकालिकांना साहित्यविषयक लेख पाठवीत. एकीकडे युरोपातील नव्या पुस्तकांचा परिचय, दुसरीकडे नुकत्याच लिहू लागलेल्या ऑस्ट्रेलियन लेखकांची नोंद, असे त्यांचे दुहेरी काम होते. भारदस्त परिभाषेची त्यांना गरज वाटत नसे. सामान्य वाचकाने पुस्तक हाती घ्यावे, हा त्यांचा हेतू असे. १९२८ साली ‘अ‍ॅन ऑस्ट्रेलियन स्टोरी-बुक’ हा कथासंग्रह संपादित करून त्यांनी मासिकांत विखुरलेल्या कथांना एकत्र आणले.

त्यांच्या समीक्षेचे मोल समजण्यासाठी हेन्री हँडल रिचर्डसन यांचे उदाहरण पुरेसे आहे. पुरुषी टोपणनावाने लिहिणारी ही लेखिका मूळची मेलबर्नची, नेटी यांच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, पण हयातीचा बहुतेक काळ ती इंग्लंडमध्ये राहिली. तिच्या ‘द फॉर्च्युन्स ऑफ रिचर्ड माहोनी’ या कादंबरीत्रयीचा पहिला भाग १९१७ साली आला, तरी मायदेशात तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. १९२९ साली तिसरा भाग ‘अल्टिमा थुले’ गाजला तेव्हा साऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. नेटी तिच्याविषयी त्याआधीपासून लिहीत होत्या. पुढे १९५० मध्ये त्यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

अनेक लेखकांशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. मार्जोरी बर्नार्ड, फ्लोरा एल्डरशॉ, कॅथरिन सुझाना प्रिचर्ड यांसारख्या लेखिका एकमेकींपासून शेकडो, काही तर हजारो मैल दूर राहत. साहित्यसभा, संपादकमंडळी, चहाच्या टेबलावरच्या चर्चा यांतले काही त्यांच्या वाट्याला नव्हते. ती उणीव नेटी यांच्या पत्रांनी बऱ्याच अंशी भरून काढली. हस्तलिखितावर मत देणे, प्रकाशक सुचवणे, खचलेल्याला धीर देणे हे सारे त्या पत्रांतून चाले. या कामाचे मानधन कुणी दिले नाही आणि ते कोणत्याही ग्रंथसूचीत बसत नाही.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा पाल्मर कुटुंब बार्सिलोनाजवळच्या एका गावी मुक्कामाला होते. नेटी आणि व्हान्स यांना देश सोडावा लागला. थोरली मुलगी आयलीन मात्र ब्रिटिश वैद्यकीय पथकाबरोबर पुन्हा स्पेनला गेली. मेलबर्नला परतल्यावर नेटी यांनी स्पॅनिश प्रजासत्ताकासाठी मदत गोळा केली, सभा घेतल्या, पुस्तिका लिहिल्या. मुलगी रणभूमीच्या छायेत असताना आईने हे काम चालू ठेवले.

‘फोर्टीन इयर्स’ हे त्यांचे सर्वांत वाचनीय पुस्तक. १९२५ ते १९३९ या काळातील रोजनिशीच्या नोंदींवर संस्कार करून ते सिद्ध झाले आणि १९४८ मध्ये मीनजिन प्रेसने छापले. त्यात भेटलेली माणसे, वाचलेली पुस्तके, समुद्रकाठचे दिवस आणि युरोपवर दाटत चाललेले सावट आहे. याच ‘मीनजिन’ नियतकालिकात १९५० साली ए. ए. फिलिप्स यांनी ऑस्ट्रेलियनांच्या सांस्कृतिक न्यूनगंडावर एक निबंध लिहिला आणि त्या दुखण्याला कायमचे नाव मिळाले. नेटी त्यावर पाव शतकापासून उपचार करीत होत्या.

मराठी वाचकाला येथे कुसुमावती देशपांडे आठवतील. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा चिकित्सक आलेख काढणाऱ्या कुसुमावती कवी अनिल यांच्या पत्नी होत्या. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. नेटी यांच्या वाट्याला असा सोहळा फारसा आला नाही. व्हान्स यांचे १९५९ मध्ये निधन झाले. १९६२ साली सिडनी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन साहित्याचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. आयुष्यभर ज्या साहित्याची बाजू मांडली, त्याला विद्यापीठात स्वतंत्र आसन मिळालेले पाहून, १९ ऑक्टोबर १९६४ रोजी मेलबर्नमध्ये नेटी यांनी जगाचा निरोप घेतला. प्राध्यापकपद त्यांनी स्वतः कधी भूषवले नव्हते.

१९८५ पासून व्हिक्टोरिया राज्याच्या साहित्य पुरस्कारांत ललितेतर गद्यासाठीचा पुरस्कार अनेक वर्षे त्यांच्या नावाने दिला जाई. कादंबरीचा पुरस्कार व्हान्स यांच्या नावाने होता. आता ती नावे राहिलेली नाहीत. पाल्मर दांपत्याची कागदपत्रे कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. आपल्या साहित्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाला अजूनही त्या पत्रांच्या पेट्या उघडाव्या लागतात.