खुर्ची नको म्हणणाऱ्याचा पेच

नागपूरहून वर्धा रस्त्याला लागले की मिहान लागते. इथली शिवारे सरकारने कायद्याने संपादित केली आणि त्यांवर रुंद रस्ते, कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. याच रस्त्याने पुढे गेले की धाम नदीकाठी पवनार येते. तिथे राहणाऱ्या एका माणसाने लाखो एकर जमीन नुसती मागून मिळवली. बँकेत तारणाचे सात-बारे तपासण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल अंमळ जास्तच वाटते.

विनायक नरहर भावे 1895 साली कोकणातल्या गागोदे गावी जन्मले. 1916 मध्ये ते गांधीजींकडे गेले आणि 1921 मध्ये वर्ध्याला आले. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडले ते विनोबांनाच. स्वातंत्र्यानंतर अशा माणसाला पद मागावेही लागले नसते. पण त्यांनी ती वाटच धरली नाही. राज्य धाकाने चालते, समाज मात्र स्वेच्छेने बदलायला हवा. मग दंड हाती घेणारा लोकांना स्वेच्छा कशी शिकवणार? म्हणून सर्वोदयाच्या लोकसेवकाने पक्षात नसावे, निवडणूक लढवू नये, असा दंडक पडला.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी 80 एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी 100 देऊ केले. त्या हिवाळ्यात देश पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुंतला होता, तेव्हा विनोबा गावोगाव पायी हिंडत होते.

पण दानपत्र म्हणजे मालकी नव्हे. जमीन भूमिहीनाच्या नावे चढायला सरकारी दप्तरच लागते. त्यासाठी राज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले. विदर्भ ज्यात होता त्या मध्य प्रदेशाने 1953 मध्ये तो केला. संकल्प 5 कोटी एकरांचा होता, हाती आली सुमारे 42 लाख. त्यातलीही बरीच खडकाळ किंवा वादातली निघाली, वाटलीच गेली नाही.

1974 मध्ये जयप्रकाशजींच्या आंदोलनाने सर्वोदयात फूट पडली. त्यांनीही पद मागितले नव्हते, पण सत्तेला आव्हान दिले होते. विनोबा मौनात गेले. आणीबाणीत त्यांचे अलिप्त राहणे सत्तेच्याच पथ्यावर पडले, हा आक्षेप आजही पुसला गेलेला नाही. पुढे 1979 मध्ये गोहत्याबंदीच्या कायद्यासाठी त्यांनी उपोषण केले. म्हणजे कायद्याचा दरवाजा अखेर त्यांनाही ठोठवावा लागला.

मग खुर्ची नाकारणे चुकले का? मला तसे वाटत नाही. सत्तेपासून दूर राहिल्याने सत्ता दूर जात नाही, एवढे मात्र खरे. तरीही ते मंत्री होऊन जमीन मागायला गेले असते, तर देणाऱ्याला ती मागणी वाटली असती की हुकूम? आपल्या घरातही धाकाने उचललेले ताट आणि आपणहून उचललेले ताट यांतला फरक आईला कळतोच. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबा पवनारलाच गेले. तो फरक जपण्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत मात्र आपण विसरू नये.