रेजिनाल्ड इनिस पोकॉक

रेजिनाल्ड इनिस पोकॉक (४ मार्च, इ.स. १८६३ – ९ ऑगस्ट, इ.स. १९४७) हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ होते. भारतातील कोळी व विंचवांच्या शास्त्रीय वर्गीकरणातील त्यांचे काम पायाभूत मानले जाते.

जीवन
पोकॉक यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या क्लिफ्टन भागात झाला. इ.स. १८८५ मध्ये ते लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात रुजू झाले. तेथे कोळी, विंचू व गोम यांच्या संग्रहांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इ.स. १९०४ ते १९२३ या काळात ते लंडन प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सस्तन प्राण्यांवर संशोधन केले. इ.स. १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

भारतीय कोळ्यांवरील कार्य
भारतातून पाठवलेल्या जतन केलेल्या नमुन्यांवरून पोकॉक यांनी अनेक नव्या जातींची वर्णने केली. त्यांतील काही मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील त्यांचा कोळी-विंचवांवरील खंड इ.स. १९०० मध्ये निघाला.

डोळ्यांची मांडणी, पायांवरील केस व काटे आणि घर्षणाने आवाज काढणारे अवयव यांवर त्यांचे वर्गीकरण आधारलेले होते. झाडांवर राहणारे पोइसिलोथेरिया प्रजातीचे टॅरंटुला वरून बरेच सारखे दिसतात. त्यांच्या जाती ओळखताना पायांच्या खालच्या बाजूचे पट्टे महत्त्वाचे ठरतात.

निळा टॅरंटुला
इ.स. १८९९ मध्ये त्यांनी एकाच नमुन्यावरून पोइसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या टॅरंटुलाचे वर्णन केले. हा नमुना आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडला होता. तो लाकडाबरोबर दुसरीकडून आला असावा, असे मानले जाते. त्यानंतर शतकभर ही जाती पुन्हा नोंदवली गेली नाही, इ.स. २००१ मध्ये ती नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलात आढळली. इ.स. २००८ मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

महत्त्व
भाईंदरच्या केबिन रोडवरील घरात किंवा जवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात टिपलेल्या छायाचित्रावरून कोळ्याचे कूळ, कधी प्रजातीही कळते. जात निश्चित करण्यासाठी मात्र अनेकदा नराचे स्पर्शपाद व मादीचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मूळ वर्णनाशी ताडावे लागतात. भारतातील अनेक जातींचे असे मूळ वर्णन पोकॉक यांचेच आहे.