डॉ. आंबेडकर आणि अमेरिकेच्या अध्यक्षाची सत्ता

राज्याच्या मुख्य पुरुषाच्या हातीं किती सत्ता असावी आणि तिचा हिशेब त्याच्याकडून कोणीं व केव्हां घ्यावा, हा प्रश्न गांवच्या चावडीपासून दिल्लीपर्यंत एकच आहे. आपल्या देशापुरता त्याचा निवाडा करण्यांत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें चरित्र या दृष्टीनें आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यांत सुभेदार होते. महार कुळांत जन्मल्यामुळें भीमरावांस शाळेंत वेगळें बसावें लागे, व दुसऱ्यानें वरून ओतल्यावांचून पाणी मिळत नसे. पुढें बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनीं शिष्यवृत्ति दिली, आणि १९१३ सालीं ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्याच वर्षीं वुड्रो विल्सन हे अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते.

तेथील अध्यक्ष चार वर्षांसाठीं निवडला जातो. तो सेनेचा मुख्य अधिपति असतो. तो आपले मंत्री व वरिष्ठ न्यायाधीश नेमतो आणि परराष्ट्रांशीं तह करतो. मात्र या कामीं त्यास सेनेटची संमति लागते. कायदेमंडळाचा ठराव तो नाकारूं शकतो. तेव्हां दोन्ही सभागृहांनीं दोन तृतीयांश मतांनीं पुन्हां मान्य केला तरच तो ठराव कायदा होतो. परंतु केवळ विश्वास उडाला म्हणून कायदेमंडळ त्यास मुदतीपूर्वीं दूर करूं शकत नाहीं. त्यासाठीं गंभीर अपराधाचा आरोप सिद्ध व्हावा लागतो.

स्वदेशीं परतल्यावर डॉ. आंबेडकर बहिष्कृतांच्या हक्कांसाठीं झटूं लागले. आमच्या मोर्शी तालुक्यांतील लोकांस अमरावती परकी नाहीं. तेथें १९२७ सालच्या नोव्हेंबरांत अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशासाठीं भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. मंदिराचा कारभार थोड्यांच्या हातीं होता. आणि ज्यांस दाराबाहेर ठेविलें होतें, त्यांस जाब विचारण्याचा कांहींच मार्ग नव्हता. बेजबाबदार सत्ता म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

१९४७ सालीं ते कायदेमंत्री व घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनासभेंत आपल्या जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. ता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं समजावून सांगितलें कीं, अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य अधिक, पण जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतींत जबाबदारी अधिक, पण स्थैर्य कमी. दोन्ही सारख्या प्रमाणांत साधत नाहींत. अमेरिकेंत हिशेब मुदतीअंतीं होतो; येथें प्रश्न, ठराव व अविश्वास यांच्या योगें तो रोजच्या रोज व्हावा, म्हणून मसुद्यानें जबाबदारी पत्करली. प्रो. के. टी. शहा यांनीं अमेरिकेच्या धर्तीचा आग्रह धरला. परंतु सभेनें तो मानला नाहीं. यामुळें आपला राष्ट्रपति राज्याचा प्रमुख असला, तरी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतो.

महाराष्ट्रांत सरपंच थेट गांवानें निवडावा कीं पंचांनीं, हा नियम २०१७, २०२० आणि २०२२ सालीं फिरला. त्यावरून या वादाचें मर्म वाचकांस सहज कळेल.

हिंदु कायद्याच्या सुधारणेचें विधेयक रखडलें, तेव्हां १९५१ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें. ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं नागपूर येथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, व ता. ६ डिसेंबर रोजीं दिल्लींत त्यांचें निधन झालें.

घटनासभेंतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणांत त्यांनीं बजाविलें होतें कीं, राजकारणांत व्यक्तीची भक्ति हुकूमशाहीकडे नेते. पुढारी कितीहि थोर असो, त्याच्या चरणीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये. आम्हांस वाटतें, ज्याच्या हातीं कारभार आहे त्यास नम्रपणें पण नेमानें हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे. तें प्रत्येकाचें कर्तव्य होय.