डॉ. शंकर आबाजी भिसे : पेटंट आणि पेटंट औषध

लोकमान्यांच्या काळातील मराठी वृत्तपत्रांच्या जीर्ण संचिका ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना एक गोष्ट खचित जाणवली असेल. अग्रलेखात स्वराज्याची चर्चा चालू असते आणि जाहिरातींच्या पानावर मात्र टक्कल व अजीर्ण यांच्याविरुद्ध घनघोर युद्ध पेटलेले असते. केशवर्धक तेले, पाचक गोळ्या, रक्तशुद्धीसाठी सार्सापरिला, शक्तिवर्धक पाक अशा औषधांची तेथे दाटी असे. प्रत्येक औषध रामबाण, प्रत्येक बाटली अनुभवसिद्ध आणि टपालखर्च निराळा! आपल्या आजोबा-पणजोबांच्या फडताळात अशी एखादी बाटली हमखास असे व तिला घरातील सर्वजण ‘पेटंट औषध’ म्हणत.

या शब्दाचे नवल वाटते. पेटंट याचा मूळ अर्थ उघडे पत्र. आपला शोध संशोधकाने जगापुढे उघड करून मांडावा आणि त्याच्या मोबदल्यात राज्यसत्तेने त्याला ठराविक मुदतीपुरता मक्ता द्यावा, असा हा करार आहे. आपल्या देशात त्याचा पहिला कायदा १८५६ साली झाला. पेटंट औषधाचा व्यवहार नेमका याच्या उलट चाले. तेथे कृती गुप्त राही आणि नाव तेवढे गाजे. ज्यांच्या एकाच आयुष्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ नांदले असे एक मराठी गृहस्थ होऊन गेले. ते म्हणजे डॉ. शंकर आबाजी भिसे. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींना त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे आहे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. यंत्रांचे वेड उपजतच होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण रचले असे सांगतात. पुढे रिवाजाप्रमाणे सरकारी नोकरी आली. मुंबईच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते कारकून झाले. दिवसभर जमाखर्चाचे आकडे तपासावेत आणि रात्री यंत्रांचे नकाशे काढावेत असा त्यांचा क्रम होता. ज्यांचा जन्म सरकारी फायलींत गेला, त्यांनाच त्या रात्रींची किंमत नीट कळेल. त्यांनी मुंबईत एक सायंटिफिक क्लब काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाच्या मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत आणण्याचा उद्योग केला. उपनगरी गाडीतील उतारूंना पुढचे स्टेशन दाखविणारे यंत्र, आतील मालात भेसळ करता येऊ नये अशी बाटली, अशा त्यांच्या कल्पना नित्याच्या जीवनातील अडचणींतून उगवलेल्या होत्या.

भाग्य उघडले ते एका स्पर्धेमुळे. वाण्याच्या दुकानातील जिन्नस आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवावे, अशी स्पर्धा संशोधकांसाठी निघणाऱ्या लंडनच्या एका नियतकालिकाने १८९७ च्या सुमारास जाहीर केली. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून मुंबईच्या या कारकुनाने ती जिंकली. मुंबईतील प्रतिष्ठितांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नौरोजींना पत्र लिहिले आणि भिसे विलायतेस रवाना झाले. ब्रिटनने हिंदुस्थानची संपत्ती कशी शोषली याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंनी या तरुणाशी रीतसर व्यावसायिक करार करून त्याला भांडवल पुरविले, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. हिंदी माणसाची बुद्धी यंत्रविद्येत उणी नाही, हेही त्यांना सिद्ध करावयाचे असावे.

लंडनमध्ये भिसे यांनी काय केले नाही? स्वयंपाकघरातील साधने केली, आपोआप पाणी सोडणारी शौचकुंडे केली, डोकेदुखी थांबविण्याचे एक उपकरणही केले. त्यांतील विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तो लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला. वृत्तपत्राच्या पानावर जाहिरात निमूटपणे पडून राही. तिला प्रकाश देऊन रस्त्यावरच्या माणसाचे डोळे वेधून घेण्याच्या त्या युगात या मराठी माणसाचाही हातभार होता.

परंतु त्यांचा जीव गुंतला होता तो छपाईच्या खिळ्यांत. खिळे ओतण्याची तेव्हाची यंत्रे मंद होती आणि त्या धंद्यावर मातब्बर कंपन्यांची पकड होती. भिसे यांनी मिनिटाला सुमारे १२०० खिळे ओतू शकेल अशा यंत्राची रचना केली. ते ‘भिसोटाइप’ या नावाने प्रसिद्धीस आले. मुरलेल्या इंग्रज कारागिरांना हे अशक्य वाटे. यंत्र बाजारात आणावयास मात्र मोठे भांडवल हवे होते. दादाभाईंनी आपले समाजवादी मित्र हिंडमन यांना मध्यस्थी घातले. १५,००० पौंड उभे करण्याचे ठरले. पण पैसा काही आला नाही. दादाभाईंचीही ऐपत संपली. अखेर डिसेंबर १९०८ मध्ये कारखाना आवरून भिसे स्वदेशाकडे निघाले.

येथे दैवाने पुन्हा एकदा हात दिला. त्याच बोटीवर नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी भिसे यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांनी भांडवल दिले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. याच टाटा घराण्याच्या माणसांनी पोलादाच्या कारखान्यासाठी आपल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांचीही पाहणी केली होती. टाटांचा कारखाना दुसरीकडे उभा राहिला आणि तेथले लोखंड पुढे १९५९ साली भिलाईच्या भट्टीत वितळू लागले. काही कल्पनांना आपली भट्टी मिळावयास अर्धे शतक लागते. भिसे यांच्या यंत्राच्या नशिबी तेवढे थांबणे नव्हते. महायुद्ध पेटले, टाटांबरोबरची योजना गुंडाळली गेली आणि भिसे अमेरिकेत गेले. उरलेले आयुष्य त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढले.

मोठ्या यंत्राने जे दिले नाही, ते एका लहान बाटलीने दिले. एका आजारपणात आयोडीनयुक्त औषधाने आपल्याला गुण आला, असा भिसे यांचा अनुभव होता. त्यांनी त्याचे पृथक्करण करून त्याच जातीची औषधे सिद्ध केली. त्यांतील ‘ॲटोमिडीन’ अमेरिकेत बरेच खपले. एडगर केसी या नावाचे एक गृहस्थ संमोहनावस्थेत लोकांना औषधे सांगत. ते अनेक व्याधींवर या औषधाची शिफारस करीत. त्यामुळे त्याचा लौकिक आणखी पसरला.

येथे चरित्रलेखकाने सावध राहिले पाहिजे. आयोडीन हे काही थोतांड नव्हे. त्याच्या अभावी गलगंड होतो, हे त्याच काळात अमेरिकेतील प्रयोगांनी दाखविले आणि १९२४ पासून तेथे आयोडीनयुक्त मीठ विकले जाऊ लागले. परंतु एका विकारावर गुणकारी ठरलेले द्रव्य सर्व विकारांवर चालते, असे मानणे ही पेटंट औषधांची जुनी खोड आहे. आयोडीनचा अतिरेक कंठग्रंथीला अपायही करतो. असल्या अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी आपल्याकडे १९५४ साली आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा करावा लागला. भिसे यांनी जाणूनबुजून कोणाला फसविले, असे म्हणण्यास काहीच आधार नाही; पण ज्या औषधाने त्यांना स्वास्थ्य दिले, त्याची कीर्ती त्याच्या सिद्ध गुणांहून मोठी झाली, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत त्यांना भारतीय एडिसन म्हणत. उतारवयात त्यांची खुद्द एडिसन यांच्याशी भेटही झाली. सुमारे २०० शोध व ४० पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

भारतीय एडिसन ही पदवीही एक प्रकारची जाहिरातच आहे, असे मला वाटते. एडिसन यांच्या पाठीशी कारखाने होते, पेढ्या होत्या, वकिलांची फौज होती. भिसे यांच्या पाठीशी वाच्छा, दादाभाई, गोखले आणि टाटा ही चार थोर माणसे होती. चार थोर माणसे मिळूनही एक बाजारपेठ होत नाही. पारतंत्र्यातील देशाजवळ त्या बुद्धीला सामावून घेणारा उद्योगच नव्हता, म्हणून खिळ्यांचे यंत्र मागे पडले आणि बाटली पुढे गेली. त्यांना रामबाण न ठरविता, जसे होते तसे आठवावे. त्यातच त्यांचा खरा गौरव आहे. अकाउंटंट जनरलच्या कचेरीतून घरी परतून, दिव्याच्या उजेडात नकाशे काढीत बसलेला तो कारकून आपल्या मुलांना दाखविला, तरी पुष्कळ झाले.