बिऱ्हाड पाठीवर: माक्स होर्कहायमर

'फ्रँकफर्ट स्कूल' हे नाव आपल्याला साहित्यसिद्धान्ताच्या पेपरात भेटतं. टीप लिहायची, दोन-तीन नावं टाकायची आणि पुढे जायचं. मला मात्र त्या विचारांइतकीच ते विचार ज्या संस्थेत झाले ती संस्था वाचली कशी, ही गोष्ट ओढून घेते. ती वाचवणारा माणूस म्हणजे माक्स होर्कहायमर.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९५ चा, जर्मनीत श्टुटगार्टजवळ, ज्यू कुटुंबात. वडिलांचा कापडाचा कारखाना होता आणि मुलाने तो सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. माक्स काही काळ कारखान्यात गेले, पण मन रमलं नाही. ते तत्त्वज्ञानाकडे वळले. फ्रीडरिश पोलॉक हा लहानपणचा मित्र जन्मभर सोबत राहिला. पुढे संस्थेचे हिशेब त्याच्याकडेच होते.

फ्रँकफर्टची सामाजिक संशोधन संस्था १९२३ साली स्थापन झाली. अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या हेर्मान वाइल यांनी, मुलगा फेलिक्स याच्या आग्रहाखातर, पैसा दिला. १९३० मध्ये होर्कहायमर संचालक झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

तेव्हा संस्था जर्मन कामगारांची पाहणी करत होती. प्रश्नावल्या भरून येत होत्या, पण हा वर्ग हुकूमशाहीला अडवेल असा भरवसा त्यांतून मिळत नव्हता. होर्कहायमर यांनी हे मनावर घेतलं. १९३१ मध्ये गाजावाजा न करता निधी हॉलंडला हलवला आणि जिनिव्हात शाखा उघडली. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षं होती!

जानेवारी १९३३ मध्ये तो चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये पोलिसांनी संस्थेला टाळं ठोकलं. साठ हजारांच्या वर पुस्तकं हातची गेली. एप्रिलमध्ये होर्कहायमर यांचं प्राध्यापकपद गेलं. त्याच यादीत पॉल टिलिच हे प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञही होते. इमारत गेली, ग्रंथालय गेलं. पण पैसा आधीच बाहेर होता आणि बहुतेक माणसंही निसटली. जिनिव्हा, पॅरिस, लंडन असं करत १९३४ मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कला पोहोचलं. कोलंबिया विद्यापीठाने राहायला जागा दिली.

आता खरी गंमत बघा. संस्थेचं नियतकालिक पॅरिसला छापलं जात होतं आणि संपादक अमेरिकेत बसले होते, तरी ते मुख्यतः जर्मनमध्येच निघत राहिलं. जर्मन भाषा एकट्या हिटलरची नाही, हा त्यामागचा हट्ट होता. १९४० मध्ये पॅरिस पडलं, तेव्हा कुठे ते इंग्रजीत आलं. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी अंक काढणाऱ्या आपल्याला हा हट्ट समजावून सांगायला नको. अर्थात आपल्यामागे पोलीस लागलेले नाहीत, हा फरक फार मोठा आहे.

पण वाचण्याची किंमत मोजावी लागली. परक्या देशात सरकारच्या नजरेत येऊ नये म्हणून संस्था शब्द जपून वापरू लागली. १९३६ मध्ये वॉल्टर बेन्यामिन यांचा कलाकृतीवरचा प्रसिद्ध निबंध छापताना 'फॅसिझम', 'कम्युनिझम' असे थेट शब्द बदलून सौम्य शब्द घातले गेले. पुढे गुंतवणुकीत पैसे बुडाले, पगार कापले गेले. १९३९ मध्ये एरिक फ्रॉम बाहेर पडले. बेन्यामिन यांच्यासाठी अमेरिकेचा व्हिसा मिळवला होता, पण सप्टेंबर १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर अडवल्यावर त्यांनी जीव दिला.

युद्ध पेटल्यावर या लोकांचा अभ्यास सरकारच्या उपयोगी पडला. नॉयमान आणि मार्कुझे वॉशिंग्टनला गेले आणि तिथल्या गुप्तवार्ता विभागासाठी नाझी जर्मनीवर अहवाल लिहू लागले. होर्कहायमर कॅलिफोर्नियात होते. तिथे त्यांनी आडोर्नो यांच्याबरोबर 'डायलेक्टिक ऑफ एन्लायटनमेंट' लिहिलं.

१९५१ मध्ये संस्था फ्रँकफर्टला नव्या इमारतीत पुन्हा उघडली. ज्या विद्यापीठाने काढून टाकलं होतं, त्याचेच होर्कहायमर रेक्टर झाले.

मला वाटतं, संस्था वाचते ती वेळेआधी भीती ओळखल्यामुळे. टाळं लागल्यावर निधी हलवता येत नाही. पण तीच भीती पुढे लेखणीही धरते, आणि ती कुठे थांबवायची हे कुणी आधी सांगू शकत नाही. बेन्यामिनचे शब्द बदलले नसते तर संस्थेवर खरंच संकट आलं असतं का? मला अजून ठरवता येत नाही.

निवृत्तीनंतर होर्कहायमर स्वित्झर्लंडमध्ये राहिले. ७ जुलै १९७३ रोजी न्यूरेम्बर्गमध्ये त्यांचं निधन झालं. दफन मात्र बर्नच्या ज्यू स्मशानभूमीत झालं. जर्मनीत परतल्यावरही त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं नव्हतं.