वाल्डेमार हाफकीन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

मुंबईंत परळ येथें हाफकीन संस्था नांवाची एक प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. लसींच्या निमित्तानें तिचें नांव खेड्यापाड्यांतही पुष्कळांच्या कानांवर आलें आहे. परंतु हें नांव ज्यांचें, ते पुरुष कोण होते, त्यांनीं आमच्या देशाकरितां काय केलें, आणि एका लहानशा चिमट्यामुळें त्यांच्यावर केवढें संकट ओढवलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तो वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों. तो नीट ध्यानांत ठेविल्यास आमच्या मुळशीकडील खेड्यांतील घराघरांस त्याचा आजही उपयोग आहे.

वाल्डेमार हाफकीन ह्यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा नगरांत एका यहूदी कुटुंबांत झाला. तो मुलूख त्या वेळीं रशियाच्या बादशहाच्या अंमलाखालीं होता आणि यहूदी लोकांचा तेथें फार छळ होत असे. दंगेखोरांनीं यहूदी वस्तीवर हल्ला केला असतां तरुण हाफकीन आपल्या लोकांच्या रक्षणार्थ पुढें झाले, जखमी झाले व कैदेंतही पडले. त्यांचे गुरु मेचनिकॉफ हे प्राणिशास्त्राचे मोठे पंडित. त्यांच्या खटपटीनें त्यांची सुटका झाली. हाफकीन विद्येंत हुशार होते. परंतु राजमान्य पंथ स्वीकारल्याशिवाय अध्यापकाची जागा मिळणें शक्य नव्हतें. अंतःकरणांत खात्री नसतां केवळ नोकरीसाठीं धर्म बदलणें त्यांस मान्य झालें नाहीं. १८८८ सालीं ते स्वदेश सोडून जिनीव्हास गेले आणि पुढील वर्षीं पॅरिस येथें पाश्चर ह्यांच्या संस्थेंत आले. तेथें त्यांस काम मिळालें तें ग्रंथालयांतील सहायकाचें. तें सांभाळून उरलेल्या वेळांत त्यांनीं रोगजंतूंचा अभ्यास चालविला. पटकीच्या जंतूंपासून त्यांनीं लस तयार केली आणि ता. १८ जुलै १८९२ रोजीं ती पहिल्यानें स्वतःच्या अंगांत टोचून घेतली.

१८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले व बंगाल्यांत पटकीची लस टोचूं लागले. लोकांस भय वाटे, संशय येई. तेव्हां ते लोकांसमक्ष आधीं स्वतःस टोचून घेत व मग दुसऱ्यास टोचीत.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. सरकारनें हाफकीन साहेबांस ऑक्टोबर महिन्यांत तेथें बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व तिच्या पुढची ओसरी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांनीं त्यांनीं रात्रंदिवस काम केलें. मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढवावे लागत. लोकांच्या धर्मभावना दुखवूं नयेत म्हणून त्यांनीं त्या कामीं बोकडाचें मांस वापरलें. रसावर तुपाचे थेंब सोडले म्हणजे त्यांच्या आश्रयानें जंतु झुंबरासारखे खालीं लोंबत वाढत. मग त्यांस उष्णतेनें मारून लस तयार होई. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं हीही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या, परंतु ते बरे झाले. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां जे कैदी आपण होऊन पुढें आले त्यांस ती टोचण्यांत आली व तिचा गुण दिसून आला. १८९७ सालीं आमच्या पुण्यासही ह्याच रोगानें ग्रासिलें होतें. आगाखान ह्यांनीं स्वतः टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांस धीर दिला व कामास जागाही दिली. पुढें १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्नराच्या वाड्यांत प्रयोगशाळा स्थापन होऊन हाफकीन तिचे मुख्य झाले.

येथवर त्यांच्या भाग्याचा सूर्य चढत होता; पुढें मात्र काळोख आला.

१९०२ सालीं पंजाबांत प्लेगनें कहर केला. तेथील लक्षावधि लोकांस टोचण्याचें सरकारनें ठरविलें व परळहून लस मागविली. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मलकोवाल नांवाच्या गांवीं (हें गांव आतां पाकिस्तानांत आहे) १०७ जणांस टोचण्यांत आलें. त्यांपैकीं १९ जणांस एकाच बाटलींतील लस मिळाली. आठवडाभरानें ह्या १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतील लस ज्यांस टोचली होती त्यांस कांहींच अपाय झाला नाहीं. ज्या घरांतील मनुष्य रोग टळावा म्हणून दंड पुढें करून गेला, त्याच घरांतून त्याची तिरडी निघाली, तेव्हां त्या गांवाची काय दशा झाली असेल, ह्याची कल्पनाच करावी.

मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. ती बाटली परळास ४१ दिवसांपूर्वीं भरलेली होती. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकीन ह्यांनीं नव्या रीतींत कार्बोलिक आम्ल घालणें सोडून उष्णतेवरच भिस्त ठेविली होती. ह्याच गोष्टीवर बोट ठेवून चौकशी मंडळानें निर्णय दिला कीं दोष प्रयोगशाळेंतच शिरला असावा. हाफकीन ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें व १९०४ सालीं ते देश सोडून गेले.

परंतु चौकशींत एक लहानशी गोष्ट निघाली होती. त्या दिवशीं बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो दिव्याच्या ज्योतींत चांगला तापवून घ्यावा, असा नियम होता. मदतनिसानें तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळला आणि त्यानेंच त्या बाटलीचें बूच काढलें. धनुर्वाताचे जंतु माती व शेण ह्यांत राहतात. त्यांचीं बीजें इतकीं चिवट असतात कीं सौम्य औषधाच्या पाण्यानें तीं मरत नाहींत. दुसरें असें कीं, बाटली उघडतांना तिला कांहीं दुर्गंधि आली नव्हती. त्या जंतूंनीं तिच्यांत ४१ दिवस वस्ती केली असती तर घाण सुटल्याशिवाय राहिली नसती, आणि रोगही आठवडाभर थांबला नसता. अर्थात् विष त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं शिरलें होतें.

हें विलायतेंतील शास्त्रज्ञांनीं ओळखलें. मलेरियाचा प्रसार डांसांमुळें होतो हें सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस ह्यांनीं हाफकीन ह्यांची बाजू हिरिरीनें मांडली, आणि जुलै १९०७ मध्यें दहा शास्त्रज्ञांच्या सहीचें पत्र लंडनच्या टाइम्स पत्रांत छापलें गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें हाफकीन ह्यांस दोषमुक्त केलें. ते पुन्हा कलकत्त्यास कामावर आले, परंतु परळची जागा त्यांस परत मिळाली नाहीं. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. आपली संपत्ति त्यांनीं यहूदी मुलांच्या धर्मशिक्षणार्थ ठेविली.

वाचकहो, ह्या वृत्तांतांत त्या मदतनिसाच्या मनांत कपट होतें असें कोणींही समजूं नये. त्यास वाटलें, बुचकळला म्हणजे शुद्ध झाला. हाच गैरसमज आजही पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो, आणि दांतांच्या उपचारांत तर तो फार घातक आहे. दांत काढण्याचा चिमटा, तोंडांत घालावयाचा आरसा, टोकदार सळई, दांत कोरण्याच्या यंत्राचा मुठीकडील भाग, हीं सर्व एका रोग्याच्या रक्तानें व लाळेनें माखतात आणि लगेच दुसऱ्याच्या तोंडांत जावयाचीं असतात. त्यांबरोबर ब प्रकारच्या काविळीसारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो; आणि पहिला रोगी दिसावयास अगदीं निरोगी असूं शकतो.

म्हणून खरी रीति काय, तें ठाऊक असावें. पहिल्यानें हत्यारें घासून धुवावीं लागतात. कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखालीं जंतु सुरक्षित राहतात, व मग उष्णताही त्यांच्यापर्यंत नीट पोहोंचत नाहीं. नंतर तीं कोरडीं करून पाकिटांत बंद करतात आणि दाबाच्या वाफेच्या यंत्रांत, ज्यास ऑटोक्लेव्ह म्हणतात, १२१ अंश उष्णतेंत निदान १५ मिनिटें, किंवा १३४ अंशांत निदान ३ मिनिटें ठेवतात. हें यंत्र पाश्चर ह्यांचे सहकारी शांबरलाँ ह्यांनीं १८७९ सालीं तयार केलें. नुसतें उकळलेलें पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाहीं, आणि तेवढ्यानें चिवट बीजें मरतीलच असा भरंवसा नाहीं. पाकिटावरील खुणेचा रंग पालटला म्हणजे तें यंत्रांतून तापून आलें हें कळतें. मात्र पाकीट फाटलें अथवा ओलें झालें, किंवा हत्यार जमिनीवर पडलें, तर तें पुन्हा पहिल्यापासून धुऊन तापविलें पाहिजे. त्यास आडवाट नाहीं.

ह्यास्तव आठवड्याच्या बाजारांत रस्त्याच्या कडेस बसून, एकाच चिमट्यानें दहा जणांचे दांत उपटणाऱ्याकडे स्वस्ताच्या लोभानें कोणीं जाऊं नये. पौडास किंवा पुण्यास दांतांच्या डॉक्टरकडे गेलां असतां, हत्यारें आपल्यासमोर बंद पाकिटांतून निघतात कीं नाहीं, हें नम्रपणें विचारावें. त्यांत उद्धटपणा कांहीं नाहीं. चांगला डॉक्टर आनंदानें दाखवील. जे भाऊ व भगिनी दवाखान्यांत मदतनिसाचें काम करितात, त्यांनीं तर हा वृत्तांत अंतःकरणांत जपावा. काम धुण्यापुसण्याचें, पगार थोडा, पाहणारा कोणी नाहीं; तथापि रोग्याचा जीव त्याच हातांत असतो. मलकोवालच्या त्या चिमट्यास ज्योतींत तापवावयास थोडकाच वेळ लागला असता. तेवढा वेळ वांचविल्यामुळें एकोणीस जीव गेले व एका परोपकारी मनुष्याचीं पांच वर्षें अपकीर्तींत गेलीं.